ओसरीवरचे कुत्रे आणि कागदावरचे कुत्रे



पाळलेल्या कुत्र्याचे चित्र कसे काढावे, हा विषय व्याख्यानाला हलका वाटेल. पण त्यात एक वजनदार प्रश्न आहे. आपण समोरची वस्तू पाहतो, की पूर्वी पाठ केलेलीच पुन्हा पाहतो?

आपल्या राज्यातील एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत ‘स्मरणचित्र’ हा विषय असतो. हेतू उत्तम आहे. पाहिलेले जग मुलाने आठवून काढावे. व्यवहारात मात्र पुष्कळ मुले तयार चित्रे गिरवून तीच पाठ करतात. विहीर ठरलेली, झाड ठरलेले, आणि कुत्रे म्हणजे आडव्या धडाला लावलेल्या चार काठ्या! ही स्मृती नव्हे, घोकंपट्टी होय. दत्ताच्या तसबिरीपुढे आपण रोज हात जोडतो. पण तिच्यातील कुत्र्यांचे कान उभे की पडलेले, हे किती जणांना सांगता येईल?

हा दोष केवळ मुलांचा नाही. भरधाव घोडा चारही पाय पुढेमागे ताणून हवेत तरंगतो, असे युरोपातील चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या रंगवीत आले. १८७८ साली मुयब्रिज याने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की चारही पाय अधांतरी असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

आता खऱ्या कुत्र्याकडे वळू. चपळ कुत्रे चित्रासाठी बसून राहत नाही. पेन्सिल टेकते न टेकते तोच ते मांजरामागे धावते. म्हणून दुपारी ते झोपलेले असताना आधी बांधा समजून घ्यावा. मागच्या पायाचा उलटा वळलेला गुडघा वाटतो, ती त्याची टाच आहे. कुत्रे बोटांवर चालते. खांद्याचे फरे धडाला स्नायूंनीच धरलेले असते, म्हणून चालताना ते वरखाली सरकते. सावकाश चालीत डावा मागचा पाय, मग डावा पुढचा, नंतर उजवा मागचा आणि उजवा पुढचा, असा क्रम असतो.

एवढे कळले म्हणजे कुत्रे जागे असताना चार-पाच मिनिटे नुसते पाहावे, पाठ फिरवून आठवणीने काढावे आणि पुन्हा वळून ताडून पाहावे. जेथे रेघ अडली, तेथेच आपले पाहणे अपुरे होते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील लकॉक द ब्वाबोद्रां हे शिक्षक स्मरणाची अशीच तालीम देत. थोर शिल्पकार रोदँ हा त्यांचाच विद्यार्थी. पाहणे आणि आठवणे ही दोन वैरी साधने नव्हेत; एक दुसऱ्याची परीक्षा घेते.

पालकांना आमची विनंती एवढीच की, या सुट्टीत मुलाला चित्रांचे पुस्तक देण्याआधी कोरा कागद द्यावा आणि ओसरीवर बसवावे. चित्र वेडेवाकडे येईल, येऊ द्यावे. पण ते त्याच्या स्वतःच्या कुत्र्याचे असेल. जे मूल आपले कुत्रे नीट पाहते, ते पुढे माणसाकडेही ऐकीव मतांवरून पाहणार नाही, असा आमचा विश्वास आहे.