गाडीतला गोंगाट आणि न ऐकलेला प्रश्न

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुदत ठेवींवर बोलेन, अशी सेक्रेटरींची अपेक्षा होती. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस दुसरं काय बोलणार! पण व्याजाचे दर ऐकून तुम्हीही खट्टू व्हाल आणि मीही. म्हणून आज वेगळाच विषय घेतला आहे. स्पोर्ट्स कारच्या आत येणारा रस्त्याचा आणि टायरचा आवाज कमी कसा करावा? हसू नका. मी स्वतः स्कूटरच्या पुढे कधी गेलो नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी या वयात हे शिकावं लागलं, त्याला कारण घडलं.

आमची सौ. गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुलाने मला तीन महिन्यांसाठी फिनिक्सला नेलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, वाळवंटातलं हे शहर. त्याच्याकडे दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार आहे. जुनी घेतलेली, पण जिवापाड जपलेली. दर रविवारी तो मला टूसॉनच्या रस्त्याने लांब फिरवून आणायचा. बसताना माझे गुडघे कुरकुरायचे, उतरताना त्याला हात द्यावा लागायचा. त्याचं काही नाही. पण गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेली की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटे. माझ्या कानात यंत्र आहे. ते माणसाचा आवाज मोठा करतं, तसा टायरचाही करतं. मुलाचं बोलणं कळायचं नाही. मग मी आपलं "हो, हो", "बरं, बरं" म्हणायचो. इथल्या बऱ्याच जणांना ही युक्ती ठाऊक असेल.

एक दिवस सूनबाई म्हणाली, "बाबा, किती बरं वाटलं! त्याने तुमच्या ग्रीन कार्डचे कागद जमवायला घेतलेसुद्धा." मी गार पडलो. मुलाने गाडीत विचारलं होतं, "बाबा, आता इथेच राहता का?" आणि मी "हो, हो" म्हटलं होतं!

मग खरं काय ते सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे महिनाभर मी एकटाच बोलत होतो?" ते माझ्या मनाला लागलं. म्हटलं, "आधी या गाडीचा बंदोबस्त करू, मग मला पुन्हा विचार."

बँकेच्या सवयीने मी वही घातली. आवाज मोजण्याचं ॲप फोनवर घेतलं. एकच रस्ता, एकच वेग, काचा बंद, एसी बंद. असं केलं नाही तर आजचा आकडा कालच्या आकड्याशी ताडता येत नाही. पहिली नोंद ७८ डेसिबल. फोनचा आकडा अगदी अचूक नसतो, पण आधी आणि नंतर यातला फरक त्याने समजतो. डेसिबलचा हिशेब मात्र साध्या बेरजेचा नाही. ३ डेसिबल उतरले की आवाजाची ऊर्जा निम्मी होते. पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० उतरावे लागतात.

चोर कोण, हे आम्हाला रस्त्यानेच सांगितलं. फिनिक्सच्या हमरस्त्यांवर २००३ पासून काँक्रीटवर जुन्या टायरचा चुरा मिसळलेल्या डांबराचा थर घालण्यात आला, आजूबाजूच्या वस्तीला गोंगाट कमी व्हावा म्हणून. अशा थरावर गाडी आली की आत एकदम हायसं वाटे. खरखरीत काँक्रीट लागलं की गिरणी पुन्हा सुरू. इंजिन तेच, वेग तोच. म्हणजे दोष टायर आणि रस्ता यांच्या घासाघाशीचा.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त का जाणवतं? टायर रुंद आणि त्याची बाजू बोटभर, त्यामुळे दणका जिरत नाही. सस्पेन्शन कडक. वजन वाचवायचं म्हणून पत्र्यावर गादी कमी. शिवाय या गाडीची डिकी वेगळी नाही. पाठीमागच्या काचेखालची सगळी पोकळी आपल्या डोक्यामागेच उघडी. मागची चाकं जणू कानाशी.

आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, फटीफटीतून. दुसरा गाडीच्या सांगाड्यातून. आपला पाण्याचा पंप खाली चालतो आणि पहिल्या मजल्यावर भिंत गुणगुणते, तो हा दुसरा प्रकार. तिथे खिडकी लावून उपयोग नाही, पंपाखालीच रबर घालावं लागतं.

म्हणून सुरुवात टायरपासून. मागच्या टायरवरून मुलाने मला हात फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखा अडकणारा. असा वेडावाकडा झिजलेला टायर घूं घूं करतो. चाकाचं बेअरिंग गेलं असलं तरी तसाच आवाज येतो, म्हणून तेही तपासून घेतलं. ते ठीक होतं. मग अलाइनमेंट करून त्याच मापाचे, पण शांत जातीचे टायर घातले. हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवली. जास्त भरली की टायर दगडासारखा होतो. वळणावरची पकड किंचित कमी झाली, असं मुलाचं म्हणणं. वहीत नोंद झाली ७५.

मग पत्रा. देवळातली घंटा वाजत असताना तिला हात लावला की नाद थांबतो. तेच काम ब्युटाइल रबराचा, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला तुकडा करतो. तो आतून चिकटवून रोलरने घट्ट दाबायचा. सगळा पत्रा मढवायची गरज नाही; थरथरणाऱ्या भागाचा चौथा हिस्सा ते निम्मा झाकला तरी पुरतं. बोटाने टकटक करून बघायचं. 'टण्ण' आलं तर चिकटवा, 'ठप्प' आलं तर सोडून द्या.

इथे माझी चूक कबूल करतो. छपराची गळती बंद करायची डांबरी पट्टी फार स्वस्त मिळते, तीच घे, असा सल्ला मी दिला होता. दोन दिवस गाडी उन्हात उभी राहिली आणि आत डांबराचा वास कोंडला. पट्टी ओघळून सुटायला लागली. पूर्ण रविवार ती खरवडण्यात गेला. मुलगा एक शब्द बोलला नाही, हे त्याचे संस्कार.

शेवटी हवेची वाट. मागच्या चाकांच्या कमानींवर आधी बंद छिद्रांचा फोम, जो पाणी धरत नाही, आणि त्यावर जड व्हिनाइलची चादर अंथरली. ही चादर चौरस मीटरला सुमारे ५ किलो भरते. साधा स्पंज घालू नका, तो पाणी पितो आणि पत्रा गंजतो. चादरीला फटी ठेवल्या तर मेहनत वाया. आवाज फटीतूनच शिरतो. मात्र दाराच्या तळाशी पाणी जायला जी भोकं असतात ती बुजवायची नाहीत. आणि सीट काढायची तर आधी बॅटरी सोडवावी, कारण सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. वजन वाढतं म्हणून मुलगा कुरकुरत होता. मी म्हटलं, "अरे, मी शेजारी बसतो तेव्हा साठ किलो वाढतातच की!" तेव्हा कुठे तो हसला.

वहीतली शेवटची नोंद ७३. एकूण ५ डेसिबल. गाडी काही देवघर झाली नाही. पण शब्द कळायला लागले.

त्या रविवारी टूसॉनच्या वाटेवर त्याने पुन्हा विचारलं, "बाबा, इथेच राहता का?" या वेळी ऐकू आलं, म्हणूनच उत्तर द्यायला वेळ लागला. मी म्हटलं, "नाही रे. तिथे तुझ्या आईची तुळस आहे, संध्याकाळचा बाक आहे, दोन दिवस दिसलो नाही तर बेल वाजवणारी माणसं आहेत." तो बराच वेळ नुसता गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "मग दर हिवाळ्यात तीन महिने तरी?"

मी "हो" म्हटलं. एकदाच, आणि नीट ऐकून.

तेव्हा मंडळी, पुढच्या हिवाळ्यात माझ्या तुळशीला पाणी कोण घालणार, ते आजच ठरवून टाका. आणि पंपाखालच्या रबराचं कमिटीने तेवढं बघावं.