ग्राफिक्स कार्डाची वेगमर्यादा

ग्राफिक्स कार्डाची चिप कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. कारखान्यातून निघणाऱ्या सगळ्या चिप सारख्या उतरत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर धावतात, काहींना जास्त लागते. कंपनीला खोक्यावर आकडा मात्र एकच छापायचा असतो, म्हणून तो त्यातल्या कमजोर चिपलाही झेपेल असा ठरवतात. चांगल्या चिपमध्ये त्यामुळे थोडा वेग शिल्लक राहतो. हौशी लोक तोच काढून घेतात.

नुसता वेग वाढवला तर बहुधा काम बिघडते, कार्ड नव्हे. पडद्यावर ठिपके येतात, गेम बंद पडतो. वेग कमी केला की सगळे पूर्ववत होते. खरा धोका व्होल्टेजचा. चिपला लागणारी वीज मुख्यतः वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही 10 टक्क्यांनी वाढवले, तर वीज सुमारे 33 टक्क्यांनी वाढते आणि तेवढीच उष्णताही. शिवाय प्रवाहाच्या रेट्याने चिपमधल्या बारीक तारांचे अणू हळूहळू सरकतात. या झिजेला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या समीकरणानुसार प्रवाहाची घनता आणि तापमान वाढले की तारेचे आयुष्य झपाट्याने घटते. ट्रान्झिस्टरमधला विद्युतरोधक थरही जास्त व्होल्टेजने लवकर थकतो. असे कार्ड त्याच दिवशी बंद पडत नाही. त्याची पुढची वर्षे कमी होतात.

चिप बिघडल्या तर किती किंमत मोजावी लागते, हे कंपन्यांना ठाऊक असते. 2008 साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपच्या भरपाईसाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तो दोष ओव्हरक्लॉकिंगचा नव्हता, चिपच्या बांधणीतल्या साहित्याचा होता.

2012 साली आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स 680 या कार्डात वेग वाढवण्याचे काम चिपकडेच आले. विजेचा खप आणि तापमान पाहून ती 1006 मेगाहर्ट्झचा मूळ वेग स्वतःच वाढवते. वापरणाऱ्याला विजेची मर्यादा थोडी हलवता येते, व्होल्टेज मात्र एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. त्याच वर्षी या चिपची कार्डे विकणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने आपल्या 680 क्लासिफाइड कार्डातली व्होल्टेज वाढवण्याची सोय काढून टाकली. 2015च्या आरंभी एनव्हिडियाने लॅपटॉपवरचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधून बंद केले. ग्राहकांच्या नाराजीनंतर ते पुन्हा सुरू झाले. 2016च्या पास्कल पिढीपासून फेरफार केलेला बायोस, म्हणजे कार्डातले मूळ सॉफ्टवेअर, कार्ड सहसा स्वीकारतच नाही. या निर्बंधांमागे टिकाऊपणाबरोबर धंदाही आहे. स्वस्त कार्ड महागड्याइतके धावू लागले, तर महागडे कोण घेणार?

मर्यादेचा प्रत्यक्ष परिणाम जागेवर ठरतो. तापमानाची मर्यादा 83 अंश असलेले कार्ड घेऊ. खोली 25 अंशांची असेल, तर दोहोंत 58 अंशांचे अंतर राहते. काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या एखाद्या घरात, एसी नसताना, मे-जूनमध्ये खोली 42 अंशांवर गेली, तर अंतर उरते 41 अंशांचे. पंख्याचा वेग तोच असेल, तर कार्ड जवळपास 30 टक्के कमी उष्णता बाहेर टाकते. मग चिप स्वतःच वेग उतरवते आणि ओव्हरक्लॉकिंगने मिळवलेले बरेचसे हातचे जाते. अशा हवेत व्होल्टेज थोडे कमी करणे अधिक उपयोगी पडते. वेग फारसा न घटता वीज आणि उष्णता दोन्ही घटतात. त्याआधी हीटसिंकमध्ये आणि पंख्यावर साचलेली धूळ साफ करावी.