वेगाचा कायदा आणि घड्याळाचा मालक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय शोभून दिसतात. आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उसनी आणून झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. विषय मात्र आम्ही मुद्दाम असा निवडला आहे की, तो ऐकून आपण सभागृहाबाहेर पडताच पायाखाली येईल. तो विषय म्हणजे रस्ता, त्यावरचा वेग आणि तो वेग ज्याच्या हाती द्यावयाचा त्याचा परवाना.

आपले येवले दोन मोठ्या रस्त्यांच्या फुलीवर बसले आहे. एक रस्ता नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जातो, दुसरा मनमाडहून कोपरगाव-अहिल्यानगरकडे. विंचूर चौफुलीवर घटकाभर उभे राहावे म्हणजे सगळा देश समोरून जातो. लिलावाला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर, पानेवाडीच्या डेपोतून भरून आलेले तेलाचे टँकर, शिर्डीला चाललेल्या मोटारी, त्यांच्याच कडेने पायी जाणाऱ्या पालख्या, उसाच्या गाड्या आणि या सर्वांमधून सायकल काढणारी शाळेतली पोरे. या गर्दीला एकच वेग लावता येत नाही आणि वेग न लावूनही चालत नाही. मग तो कोणी व कसा ठरवावा?

हा प्रश्न काही नवा नव्हे. इंग्लंडात १८६५ साली कायदा झाला की, यंत्राच्या गाडीने उघड्या रस्त्यावर ताशी ४ मैल आणि गावात २ मैलांहून अधिक धावू नये, व तिच्यापुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे. आज हसू येते. पण त्या कायद्यामागचा हिशेब साधा होता. रस्ता पायी चालणाऱ्याचा आहे, गाडी ही पाहुणी आहे. पुढे १८९६ साली मर्यादा १४ मैलांवर गेली. १९०३ साली २० मैल झाली आणि चालकास परवाना आला. मात्र परीक्षा नव्हती, पैसे भरले की परवाना मिळे. १९३० साली तर मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकण्यात आली. ती चूक लवकरच उमगली. १९३४ साली नवा कायदा झाला आणि १९३५ पासून वस्तीच्या भागात ३० मैलांची मर्यादा व नव्या चालकांना सक्तीची परीक्षा, या दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. पण १९३० च्या कायद्यातले एक कलम आमच्या कामाचे आहे. मर्यादा उठवणाऱ्या त्याच कायद्याने बस आणि मालमोटारीच्या चालकास सलग साडेपाच तासांहून अधिक गाडी हाकण्यास मनाई केली. म्हणजे वेगाचा प्रश्न हा चालकाच्या थकव्याचाही प्रश्न आहे, हे त्या लोकांना नव्वद वर्षांपूर्वी समजले होते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे १९१४ चा, मग १९३९ चा आणि त्यानंतर १९८८ चा असे मोटार वाहनांचे कायदे झाले. वेगाचे आकडे केंद्र सरकारने ठरवावे आणि स्थानिक गरज पाहून राज्याने ते आणखी खाली आणावे, अशी रचना आहे. २०१८ च्या एप्रिलात केंद्राने नवे आकडे काढले. मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि नगरपालिकेच्या हद्दीत ७० किलोमीटर. मालमोटारीला पहिल्या दोन्ही रस्त्यांवर ८० आणि इतरत्र ६०. हे आकडे वाढवून ठेवल्याबद्दल २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. न्यायालयाला काळजी वाटावी असेच हे आकडे होते. नगरपालिकेच्या हद्दीत ७० म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहा. माणसाला समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी ३० च्या वेगाने गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते, ६० ला १७ मीटर, ८० ला २२ मीटर. आणि ब्रेक लागल्यावर थांबण्यास जे अंतर लागते ते वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. हा निसर्गाचा कायदा आहे. त्यात तडजोडीला जागा नाही.

याच्या उलट, वेगाने मिळते काय, तेही पाहू. नाशिकचा रस्ता हिशेबाला ८० किलोमीटर धरा. ६० च्या वेगाने ८० मिनिटे, ८० च्या वेगाने ६० मिनिटे. म्हणजे रस्ता संपूर्ण मोकळा असला तरी वाचली २० मिनिटे. आणि तो मोकळा कधीच नसतो. पिंपळगावकडचे फाटे, विंचूरची वस्ती, निफाडची गर्दी यांत त्यातली निम्मी जातात. ही दहा मिनिटे कोणाला हवी असतात? चालकाला नव्हे. त्याचा पगार मिनिटांवर नाही.

सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतील शेकडा ७१ मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात लिहिले गेले. रकाना खोटा नाही. परंतु तो अर्धवट आहे. गाडी जोरात होती, हे त्यात लिहिले जाते. का जोरात होती, हे विचारण्यासाठी रकानाच नाही.

आपले गाव विणकरांचे आहे, म्हणून आपल्याला हे लवकर कळेल. पैठणी विणणाऱ्याला मजुरी नगावर मिळते. हात चालला तर चूल पेटते. ट्रकच्या पुष्कळ चालकांचेही तसेच आहे. पगार नावाला, भत्ता फेरीवर. महिन्याला जितक्या फेऱ्या, तितके पैसे. फरक इतकाच की, विणकराने घाई केली तर धागा तुटतो आणि तो जोडता येतो.

कायदा याविषयी अगदीच मुका आहे असे मात्र नाही. १९८८ च्या कायद्याचे १८३ वे कलम अतिवेगाचे आहे. हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, मध्यम व जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की, जो आपल्या नोकराला मर्यादेबाहेर गाडी हाकण्यास लावतो तोही गुन्हेगार. आणि चौथे पोटकलम तर सोन्याच्या मोलाचे आहे. एखादा प्रवास अमुक वेळात संपवावा असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले किंवा तशी आज्ञा दिली, आणि मर्यादा न मोडता त्या वेळात पोहोचणे शक्य नाही असे न्यायालयाला दिसले, तर ते वेळापत्रक हाच त्या माणसाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा! इतक्या वर्षांच्या चळवळीत आम्ही चालकांची चलने हजारोंनी पाहिली. घड्याळाच्या मालकाला या पोटकलमाखाली उभे केलेले एकदाही पाहिले नाही.

तासांचेही तसेच. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, हे सर्व त्यात होते. २०२५ च्या नोव्हेंबरात देशातले २९ कामगार कायदे चार संहितांत गेले, त्यांत हाही गेला. आठ तासांचे तत्त्व कागदावर कायम आहे. कागदाखेरीज ते कोठे आहे, हे रात्री दोन वाजता महामार्गावरच्या धाब्यावर जाऊन विचारावे. युरोपातील देशांत साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास थांबावे लागते, दिवसाला साधारण नऊच तास, आणि चालकाचे तास नोंदणारे यंत्र गाडीतच बसवलेले असते. आपण ट्रकमध्ये वेगाला लगाम घालणारे यंत्र २०१५ च्या नियमांनी आणले. टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६० चा लगाम घातला. यंत्राने इंजिन आवरते. चालकाची झोप आवरत नाही.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट आपण विसरला नसाल. यवतमाळहून रात्रभर चाललेली खासगी बस याच आपल्या रस्त्यावर, नाशिकच्या वेशीपाशी, पाचच्या सुमारास मालवाहू गाडीवर आदळून पेटली. १२ माणसे गेली. दोष कोणाचा, हे ठरवणारे आम्ही नव्हे. आम्ही फक्त वेळेकडे बोट दाखवतो. पहाटेचे चार-पाच म्हणजे देह झोप मागतो ती वेळ.

आता परवान्याकडे वळू. एकेकाळी ट्रक-बसच्या परवान्याला आठवी पास असण्याची अट होती. म्हणजे आपल्यासमोर उभा असलेला हा वक्ता त्या नियमाने नालायक! २०१९ साली ती अट निघाली, हे योग्यच झाले. ऊसतोड कामगाराच्या मुलाची शाळा हंगामात सुटते, ती त्याच्या बुद्धीमुळे नव्हे. परंतु अट काढल्यावर तिच्या जागी शिक्षण आले पाहिजे होते. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा नियम आहे. जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. उत्तम आहे. पण ते केंद्र तालुक्याच्या पोराला परवडेल अशा अंतरावर आणि अशा फीत हवे. नाहीतर तो पूर्वीसारखा क्लीनर म्हणून चढणार, उस्ताद झोपला की रात्री चाक हाती घेणार, आणि परवाना एजंटाकडून मिळवणार.

शिक्षेची भाषा सोपी असते. धडक देऊन खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे कलम नव्या न्याय संहितेत आले, तेव्हा २०२४ च्या १ जानेवारीला देशभर चालकांनी चाके थांबवली. पानेवाडीचे टँकर उभे राहिले आणि आपल्याकडच्या पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम बाजूला ठेवण्यात आले. पळणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. जखमीला रस्त्यावर टाकून जाणे हे पापच, आणि दारू पिऊन चाकाला हात लावणारा आमच्या युनियनचा असला तरी आमचा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच, की अपघातानंतरच्या दहा वर्षांपेक्षा अपघाताआधीची दोन तासांची झोप अधिक जीव वाचवते.

कोणी म्हणेल, टीका पुरे; तुम्हाला कोरा देश दिला तर काय नियम कराल? जरूर सांगतो. पहिला नियम : वेग गाडीचे बळ पाहून नव्हे, रस्त्यावरचा सर्वांत दुबळा माणूस पाहून ठरवावा. जेथे शाळा, बाजार, पायी चालणारी वारी, तेथे ३०. दुसरा : व्यावसायिक परवाना हे कारागिराचे प्रमाणपत्र मानावे, रात्री, घाटात आणि भरल्या गाडीवर परीक्षा घ्यावी, व शिक्षणाचा खर्च वाहतुकीच्या धंद्याने उचलावा. तिसरा : प्रत्येक बसचे व मालगाडीचे निघण्या-पोहोचण्याचे वेळापत्रक आणि चालकाचे तास उघड्यावर लावावेत, आणि अशक्य वेळापत्रकाची चौकशी अपघाताची वाट न पाहता व्हावी. यांतला तिसरा नियम करायला नवा देशसुद्धा नको. कलम तयार आहे.

शेवटी, आपल्याला सोडून चालणार नाही. उशिरा पोहोचणारी बस टाकून लवकर पोहोचणारी आपणच निवडतो. भाडे ठरवताना सकाळच्या लिलावाच्या आत गाडी आलीच पाहिजे, असा दम आपणच भरतो. पंधरा वर्षांच्या मुलाला क्लासला जाण्यासाठी गाडीची किल्ली आपणच देतो. कायद्याने त्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे, हे विसरून. घड्याळाचा मालक काही एकटा ट्रकवाला शेठ नाही. त्या घड्याळाला थोडी थोडी किल्ली आपण सगळेच देतो.

तेव्हा पुढच्या वेळी बसमध्ये बसताना चालकाला एवढेच विचारा : काका, आज किती तास झाले? उत्तर दहाच्या वर गेले तर तिकीट परत मागा आणि त्याचे कारण मालकाला लेखी कळवा. अशी शंभर पत्रे एका तालुक्यातून गेली, तर जे काम आमच्या मोर्च्यांनी झाले नाही ते होईल.