कोणाच्या दारी आधी जावे?

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



बेंगळुरूत बोलायचे, तर संगणकाचा विषय टाळता येत नाही. पालकांच्या मनातील प्रश्नही मला ठाऊक आहे : मराठी माध्यमात शिकलेले मूल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात कोठे उभे राहील? या प्रश्नाचा विचार करताना मला डॉ. मिलिंद तांबे यांचे संशोधन मोलाचे वाटते. ते हार्वर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. २०१९ साली याच शहरात स्थापन झालेल्या गूगलच्या संशोधनकेंद्रातील समाजोपयोगी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्याचे नेतृत्वही त्यांनी केले आहे.

अनेक स्वतंत्र संगणकीय घटकांनी एकत्र काम कसे करावे, हा त्यांचा मूळ विषय. संगणकावरील आभासी युद्धसरावात हेलिकॉप्टरांची एक तुकडी होती. टेहळणीसाठी पुढे गेलेले हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले आणि उरलेली तुकडी त्याच्या संदेशाची वाट पाहत तशीच थांबून राहिली. प्रत्येकाला आपले काम ठाऊक होते. सहकाऱ्याविषयीची जबाबदारी मात्र कोणालाच शिकवलेली नव्हती. सामूहिक काम पूर्ण झाले, अशक्य ठरले वा निरर्थक झाले, तर ते सोबत्यांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व तांबे यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात संगणकासाठी मांडले.

पुढे त्यांनी खेळाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. पहारेकरी रोज ठरलेल्या वेळी फिरला, तर चोर ती वेळ हेरतो. नुसत्या चिठ्ठ्या टाकून पहारा ठरवला, तर महत्त्वाची जागा उघडी पडते. म्हणून कोठे किती प्रमाणात पहारा हवा, हे गणिताने ठरवायचे आणि नेमकी वेळ यदृच्छेवर सोडायची. शत्रू आपल्यावर नजर ठेवून आहे, हे या गणितात आधीच गृहीत धरलेले असते. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर ही पद्धत प्रत्यक्षात आली. नंतर बोस्टनच्या बंदरातील तटरक्षकांच्या गस्तीसाठी याच विचाराचा उपयोग झाला. पुढे युगांडातील अभयारण्यात शिकाऱ्यांचे सापळे कोठे सापडतील, याचा अंदाजही संगणक वर्तवू लागला.

मला सर्वाधिक जवळचे वाटते ते मुंबईतील काम. डॉ. अपर्णा हेगडे यांची ‘अरमान’ ही संस्था गर्भवती स्त्रियांना व नवमातांना दूरध्वनीवरून ध्वनिमुद्रित आरोग्यसंदेश पाठवते. काही स्त्रिया हळूहळू ते ऐकणे सोडतात. प्रत्येकीशी प्रत्यक्ष बोलण्याइतक्या कार्यकर्त्या नसतात. मग आज कोणाला फोन करावा? तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, ‘कोणाच्या बाबतीत आपल्या एका फोनने सर्वाधिक फरक पडेल?’ सुमारे २३,००० मातांचा सात आठवडे अभ्यास झाला आणि या पद्धतीमुळे संदेशांपासून दुरावण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

येथे शिक्षिका म्हणून मी क्षणभर थबकते. गैरहजर मुलांच्या घरी जाण्यासाठी शिक्षकाजवळही मोजकाच वेळ असतो. तेव्हा हा प्रश्न आमचाही आहे. परंतु ज्याच्या बाबतीत फरक पडण्याची शक्यता कमी, त्याचे नाव यादीच्या तळाशी जाते आणि तळाशी असलेल्या मुलाला सोडून देण्याचा अधिकार शाळेला नाही. यादीचा क्रम गणिताने लावावा. पण ती शेवटपर्यंत पुरी करण्यासाठी किती माणसे उभी करायची, हे समाजानेच ठरवायचे असते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळते. या साऱ्या गणिताच्या शेवटी एक कार्यकर्ती एका मातेशी तिला उमजेल अशा भाषेत बोलते. तो संवाद जमला नाही, तर आधीचे सारे गणित वाया जाते. उद्याच्या संशोधकाला संभाव्यताही कळायला हवी आणि त्या मातेचे बोलणेही. आपल्या मुलांजवळ दुसरी गोष्ट घरातूनच आलेली असते. पहिली देण्याचे काम आपले आहे. त्यात कसूर झाली, तर दोष माध्यमाला देता येणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे माझे एकच मागणे आहे. देणगी तुम्ही देतच आहात. आता आठवड्यातला एक तासही द्या. दहावीच्या पुस्तकातील संभाव्यतेचा धडा, तुमच्या रोजच्या कामातील उदाहरणे घेऊन, आपल्या मुलांना मराठीतून शिकवा. आमची यादी मोठी आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या एका तासाने तिच्या तळाशी असलेले एक नाव वर येईल.