चार दुकानं, एकच भट्टी



चेन्नईतल्या अंबत्तूरच्या या औद्योगिक वसाहतीत एम-8 चा बोल्ट एका शेडमधून आणा आणि नट दुसऱ्या शेडमधून, बसतोच. आट्यांचा पिच 1.25 मिलिमीटर, हे कधीच ठरून गेलं आहे. म्हणून बोल्टवाल्यांमधली चुरस घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते. लॅपटॉपच्या प्रोसेसरवरून जुंपलेल्या लढाईकडे मला याच नजरेनं पाहायचं आहे. कोण जिंकलं हा वर्तमानपत्रांचा प्रश्न. घेणाऱ्याला दुकान बदलता येतं का, हा आपला.

एकेकाळी ते बऱ्यापैकी जमत असे. पुण्यात जन्मलेले विनोद धाम इंटेलमध्ये पेंटियमच्या कामात अग्रभागी होते. पुढे ते नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीनं घेतली आणि 1997 मध्ये तिचा के-6 प्रोसेसर बाजारात आला. पेंटियम ज्या सॉकेट 7 मध्ये बसे, त्यातच हा बसे, ही त्याची खरी खुबी. इंटेलनं त्याच वर्षी पेंटियम टूसाठी स्लॉट 1 नावाची वेगळी खाच आणली आणि एएमडीची चिप तिथे चालेना. कुलूपच बदललं म्हणा ना! आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये तर खाचही उरलेली नाही. प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. इंटेलच्या 2024 मधल्या लूनर लेकमध्ये रॅमसुद्धा चिपच्याच पॅकेजात, 16 किंवा 32 जीबी. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या कसबी कारागिरालाही तिथे जादा पट्टी बसवता येणार नाही.

कुणी म्हणेल, चुरशीनं ग्राहकाचं भलं झालंच की. झालं, नाकारत नाही. 2020 मध्ये ॲपलनं एम-1 आणला, तेव्हा कमी विजेत, पंखा नसलेल्या लॅपटॉपमध्येही दमदार काम होतं हे सगळ्यांनी पाहिलं. 2024 मध्ये क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स एलिट विंडोजच्या लॅपटॉपमध्ये आला आणि इंटेल-एएमडीला बॅटरीचा हिशेब नव्यानं मांडावा लागला. पण दुकानांच्या मागे जाऊन पाहा. ॲपल, क्वालकॉम, एएमडी यांच्या या चिपा तैवानच्या टीएसएमसीकडे घडतात, आणि लूनर लेकचा मुख्य गणिती भाग खुद्द इंटेलनंही तिथूनच करून घेतला. पाट्या चार, भट्टी एक. मग घेणाऱ्याला अडवणारा मोठा फरक उरतो तो आज्ञासंचाचा, म्हणजे चिपला कळणाऱ्या भाषेचा: इंटेल-एएमडीचा एक्स-86 की ॲपल-क्वालकॉम वापरतात तो आर्म. आपले आटे आता तिथे आहेत.

यावर उत्तर तयार असतं: जुने प्रोग्राम आर्मवर चालवायला विंडोजमध्ये भाषांतराची सोय आहे. आहे, आणि बरीच चांगली आहे. मात्र ती प्रोग्रामपुरती. विंडोजच्या गाभ्यात शिरणारा ड्रायव्हर आर्मसाठीच लिहिलेला लागतो. आता आपल्या एखाद्या शेडमधलं टेबल डोळ्यांसमोर आणा. जीएसटीच्या विवरणासाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, कॅमच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, स्टिकर छापणारा जुना प्रिंटर. यातल्या एकाचा जरी ड्रायव्हर मिळाला नाही, तर दिवसभर टिकणारी बॅटरी घेऊन करायचं काय? 20 तारखेला विवरण भरताना कुणी सेकंदाला किती गणितं होतात हे विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आपलाच प्रोसेसर का नको? याच शहरातल्या आयआयटी मद्रासनं 'शक्ती' घडवला, रिस्क-5 या खुल्या आज्ञासंचावर. 2018 मध्ये त्याची एक चिप 22 नॅनोमीटरवर तयार झाली ती इंटेलच्या कारखान्यात, हा योगायोग मजेशीर आहे. शक्ती उद्या लॅपटॉपमध्ये एम-1 ला टक्कर देईल, असं मी म्हणणार नाही. ते अंतर फार मोठं आहे. त्याचं मोल आज्ञासंच कुणाच्या मालकीचा नाही, यात आहे. पण आपली सॉफ्टवेअरं एकाच संचाला खिळलेली राहिली, तर शक्तीलाही या टेबलावर जागा मिळणार नाही.

तेव्हा पुढची खरेदी करताना टोकन आणि डोंगल खिशात घालून दुकानात जा, काउंटरवरच लावून पाहा. आणि कॅमवाल्याच्या वार्षिक कराराचं नूतनीकरण करण्याआधी एक ओळ लेखी मागून घ्या: आर्मसाठी ड्रायव्हर कोणत्या महिन्यात देणार?