नोकरीचा शोध आणि साखळीच्या योजना

छत्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेल्या माणसानें नोकरीच्या बाजाराविषयीं बोलावें, हें कित्येकांस अधिकाराबाहेरचें वाटेल. मी मॅट्रिक झालों, अध्यापनाचें शिक्षण घेतलें आणि एका अर्जावर शाळेंत रुजू झालों. एका अर्जावर! आजच्या तरुणांपुढें हें सांगतांना मला संकोच वाटतो. तरीहि आज बोलावयास उभा आहें, तो एका विद्यार्थ्यामुळें आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें.

२०२४ सालच्या श्रावणांतील एका संध्याकाळीं हा माजी विद्यार्थी माझ्या घरीं आला. शाळेंत असतांना तो फार हुशार नव्हता, पण नेटका होता. वहींत समास सोडणारा, उत्तराखालीं दोन रेघा ओढणारा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्यास चार वर्षें झालीं होतीं. त्या दिवशीं त्यानें गळ्यांत टाय बांधला होता. मला वाटलें, मुलाखत देऊन परस्पर आला असावा. तो म्हणाला, “सर, नोकरीच्या मागें धावणें सोडलें. आतां स्वतःचा व्यवसाय.”

त्याचीं तीं चार वर्षें मला ठाऊक होतीं. २०२३ सालीं तलाठ्यांच्या सुमारें साडेचार हजार जागांसाठीं आपल्या राज्यांतून दहा लाखांवर अर्ज आले. त्यांत एक त्याचा होता. खुल्या वर्गास परीक्षेचें शुल्क एक हजार रुपये. ज्यास कमाई नाहीं त्याच्याकडूनच हे हजार घ्यावयाचे, ही रीत मला कधींच उमगली नाहीं. पण तें असो. खासगी कचेऱ्यांत पहिला प्रश्न अनुभवाचा आणि शेवटचें वाक्य “आम्ही कळवूं”. कळवीत कोणीच नाहीं. आम्ही शाळेंत मुलांस नापास करीत असूं, पण प्रगतिपुस्तक हातीं देत असूं. कोठें चुकलें तें लाल शाईनें दाखवीत असूं. या मुलास चार वर्षांत कोणीं नापास असेंहि म्हटलें नव्हतें. लग्नामुंजींत “सध्यां काय करतोस?” हा प्रश्न येतो, म्हणून त्यानें लग्नास जाणें सोडलें होतें.

अशा स्थितींत त्यास एका मित्रानें चहाला बोलाविलें आणि तेथून एका हॉटेलच्या सभागृहांत नेलें. व्यासपीठावर दिवे, संगीत, टाळ्या. प्रत्येकानें हात हातांत घेतला, त्यास “सर” म्हटलें, तुझें स्वप्न काय म्हणून विचारलें. या योजना चूर्णाच्या डब्या विकतात, चुंबकाच्या गाद्या विकतात, सहलींचीं कुपनें विकतात. पण माझ्या मतें त्यांचा खरा माल निराळाच आहे. चार वर्षें ज्याचा अर्ज कोणीं उघडूनहि पाहिला नाहीं, त्यास तेथें कोणी तरी म्हणतें, “तूं आम्हांस हवास.” त्याची किंमत अठरा हजार रुपये होती. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, तेव्हां ती भरली गेली.

व्यवसाय कसा चालतो, हें त्यानें मला कागदावर काढून दाखविलें. मध्यें एक वर्तुळ, तें तो. त्याखालीं सहा वर्तुळें, तीं त्यानें आणावयाचीं माणसें. त्या प्रत्येकाखालीं पुन्हा सहा. नव्यानें भरलेल्या पैशांतील वांटा पायरीपायरीनें वर चढतो. पहिल्याच दिवशीं त्याजकडून ओळखीच्या शंभर माणसांची यादी लिहून घेतली होती. तींत माझें नांव अकरावें होतें. टेलिफोनवर खरें काय तें सांगूं नये, नुसतें “भेटूं या” म्हणावें, अशी शिकवण होती. जो शंका काढील तो निराशावादी, त्याच्यापासून दूर राहावें, अशीहि होती. एवढ्या तयारीनें माझ्या वर्गांतील मुलें परीक्षेस बसलीं असतीं, तर निकाल शंभर टक्के लागला असता.

श्रोतेहो, घातांक मींच त्यास सातवींत शिकविले होते. तो कागद ओढून घेऊन मीं तेथेंच गुणाकार करावयास हवा होता. मीं केला नाहीं. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनीं उजेड दिसत होता. तो मालवण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मी सभासद झालों नाहीं, पण भिडेखातर चूर्णाची एक डबी घेतली. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यानें विचारलें तेव्हां त्याच्याच वर्गांतील दोघां मुलांचे टेलिफोन क्रमांक त्यास दिले.

गुणाकार मीं केला तो रात्रीं. सहा, छत्तीस, दोनशें सोळा असें करीत अकराव्या पायरीस ३६ कोटि २७ लाखांवर माणसें लागतात. २०११ च्या जनगणनेंत सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटि २४ लाख होती. तेराव्या पायरीस १,३०६ कोटि होतात. तेवढी माणसें पृथ्वीवर नाहींत. गणितांत याला सहाचा घात म्हणतात, आणि या ठिकाणीं तो शब्द दोन्ही अर्थांनीं खरा आहे. पण साखळी इतकी लांब जातच नाहीं, फार आधीं तुटते, असें कोणी म्हणेल. तुटूं द्या. समजा, ती तिसऱ्या पायरीस तुटली. तेव्हां वरचा एक, मग ६, मग ३६, मग २१६; एकूण २५९. यांतील शेवटच्या २१६ जणांच्या खालीं कोणीच नाहीं. पांचव्या पायरीस तोडा, आठव्या पायरीस तोडा, हिशेब तोच येतो: दर सहांत पांच माणसें तळाशीं. त्यांनीं पैसे भरलेले असतात आणि त्यांस देण्यास पुढें कोणी उरलेलें नसतें. म्हणजे जो बुडाला तो आळशी होता, त्यानें मन लावून काम केलें नाहीं, असें व्यासपीठावरून सांगतात, तें धादांत खोटें आहे. सर्वांनीं सारखीच मेहनत केली, तरी सहांतील पांच बुडणारच. योजनेची मांडणीच तशी आहे.

घरोघर जाऊन वस्तु विकणें हा प्रामाणिक धंदा आहे, त्याला मी नांवें ठेवीत नाहीं. भेद इतकाच पाहावा: पैसा साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येतो, कीं नव्या सभासदाच्या खिशांतून. दुसऱ्या प्रकारास आपल्या देशांत १९७८ च्या कायद्यानेंच बंदी घातली. २०२१ सालीं थेट विक्रीचे नियम आले, त्यांतहि अशा मनोऱ्यांस मनाई आहे. १९७८ च्या त्या कायद्यानें योजना चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. दंडाची ती रक्कम माझ्या विद्यार्थ्यानें भरलेल्या प्रवेशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी भरते. मात्र त्याच कायद्यांत अशा योजनेचें सभासद होण्यासहि बंदी आहे, आणि येथेंच खरी अडचण उभी राहते. फसलेला मुलगा तक्रारीस जावयास भितो. कारण त्यानेंहि चौघांना आंत ओढलेलें असतें. चौकीवर काय सांगावें, यापेक्षां आत्याला काय सांगावें, हें त्यास अधिक कठीण वाटतें. घरांतील वडील माणसांनीं अशा वेळीं रागें भरण्यापूर्वीं त्यास बरोबर घेऊन पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावें, किंवा निदान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विचारावें. मीं तेंहि उशीरां केलें.

दिवाळीनंतर त्या योजनेच्या कचेरीला कुलूप लागलें. माझ्या विद्यार्थ्यानें चार माणसें आणलीं होतीं. त्यांत मीं नांवें दिलेले दोघेहि होते. त्यांतील एकाच्या घरीं मी गेलों. त्याच्या वडिलांनीं मला पाणी दिलें, बसा म्हणाले, आणि सबंध वेळ पावसापाण्याच्याच गोष्टी बोलत राहिले. दुसरा माझा टेलिफोन उचलीत नाहीं.

आतां हा मुलगा चाकणकडे एका गोदामांत रात्रपाळीस आहे. तलाठ्याची नव्हे, तरी महिन्याच्या महिन्यास पगाराची नोकरी आहे. गेल्या महिन्यांत तो आला; गळ्यांत टाय नव्हता. खिशांतून त्यानें वही काढली. चौघांचीं नांवें, समोर रकमा, समास सोडलेला. दरमहा थोडेथोडे फेडतो. पांचव्या ओळींत माझें नांव व डबीचे दोन हजार चारशें रुपये होते. मी म्हणालों, “अरे, मला नकोत. माझ्या वांट्याचे त्या दोघांना दे.” त्यानें पेन काढलें, माझी रक्कम खोडली, त्या दोघांच्या रकमांच्या खालीं प्रत्येकीं बाराशें मांडले आणि बेरजेखालीं दोन रेघा ओढल्या.