मलिक अंबराच्या मुलखातील पंगत

श्रोतेहो, निजामशाहीचा वजीर, खडकी शहराचा संस्थापक आणि आपल्या जमाबंदीमुळे दक्षिणेच्या दप्तरांत कायमचा नोंदला गेलेला मलिक अंबर ज्या मुलखात जन्मला, त्या इथिओपियाविषयीचे आपले ज्ञान बहुधा जंजिऱ्याच्या सिद्दींपाशी येऊन थांबते. तेथील माणूस जेवतो काय, याची चौकशी करण्याची तसदी आपण सहसा घेत नाही.

मेनेलिक राजाच्या कारकिर्दीत, १८८६ साली वसलेली अदिस अबाबा ही राजधानी समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून उंच पठारावर आहे, आणि या पठाराचे मानाचे धान्य म्हणजे अत्यंत बारीक दाण्याचा टेफ. त्याचे पीठ पाण्यात कालवून, मागील खेपेचे आंबट पाणी विरजणादाखल घालून ते दोन-तीन दिवस आंबवितात; मग ‘मिताद’ नावाच्या रुंद तव्यावर कडेकडून मध्याकडे चक्राकार ओतून झाकण ठेवतात, आणि पृष्ठभागावर असंख्य छिद्रे उमलली की न उलटताच उतरवितात. हीच इंजेरा. कालवणे तिच्यावरच वाढावयाची आणि तिचाच तुकडा तोडून ती उचलावयाची, त्यामुळे वेगळ्या ताट-चमच्याची आवश्यकताच उरत नाही.

कोंबडीचे तिखटजाळ ‘दोरो वोत’ तेथे सणासुदीचे पक्वान्न मानतात. कच्च्या गोमांसाचे ‘कित्फो’ही मोठ्या आवडीने खाल्ले जाते, त्याची शिफारस मात्र मी करणार नाही. माझ्या मते त्या देशाची खरी पाककला प्रकट होते ती उपवासाच्या दिवशी. तेथील प्राचीन ख्रिस्ती संप्रदायाचे अनुयायी बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या ५५ दिवसांच्या महाव्रतात मांसच नव्हे, तर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य करतात. आणि या निर्बंधातूनच मसूर, वाटाणा, कोबी व पालेभाज्या यांचे नानाविध प्रकार निर्माण होऊन एकाच इंजेरावर मांडले जाऊ लागले. (उपवासात जिव्हेची तजवीज करण्याची विद्या केवळ आपल्यापाशीच आहे, असा अभिमान कोणी बाळगू नये.) त्यांतील ‘शिरो’, म्हणजे हरभऱ्याच्या मसालेदार पिठाचे, मातीच्या भांड्यात रटरटत समोर येणारे कालवण, हे तर आपल्या पिठल्याचे सख्खे भावंडच.

सर्वांनी एकाच इंजेराभोवती बसून उजव्या हाताने जेवावयाचे, हा तेथील दस्तूर. यजमानाने आपल्या हाताने घास करून पाहुण्याच्या मुखात घालणे, यास ‘गुर्शा’ म्हणतात; संकोचाने तोंड फिरविल्यास यजमानाचा अधिक्षेप होतो. कॉफीचे बी आपल्यादेखत भाजून, त्याचा सुगंधी धूर पाहुण्यांपुढे फिरवून, कुटून, ‘जेबेना’ या मातीच्या सुरईत उकळतात, आणि अबोल, तोना व बराका अशा तीन फेऱ्या वाढतात; तिसरीपूर्वी उठणे शिष्टसंमत नाही.

तेव्हा कोणी श्रोता त्या बाजूस जाणार असेल, तर त्याने अदिस अबाबातील मुक्कामात एखादा बुधवार किंवा शुक्रवार अवश्य येऊ द्यावा, आणि कॉफीला बसण्यापूर्वी पुढील तासा-दीड तासाची कामे बेलाशक दुसऱ्या दिवसावर टाकावीत.